झाकणाची ओळ आधी

मंडळी, मच्छेहून कारखान्यातली आमची माणसं आलीत, कुमुदआक्कांच्या शाळेतल्या बाई आल्यात. सगळे सकाळपासून म्हणतायत, आप्पा, तुम्ही बोला. यंत्र बिघडलं तर मी तासभर बोलेन. माणूस गेल्यावर काय बोलायचं? तरी बोलतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आक्का इंग्रजीच्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर माझं इंग्रजी त्यांच्या हाती लागलं. आम्ही कडबाकुट्टीची, म्हणजे चारा कापायची यंत्रं करतो. ती लांब जातात, जिथं मराठी न्हाय, कन्नडही न्हाय. म्हणून यंत्र कसं चालवायचं त्याचा इंग्रजी कागद बरोबर द्यावा लागतो. तो मी लिहायचो. माझं इंग्रजी सरकारी अर्ज वाचून शिकलेलं. त्यामुळं ओळीओळीत 'काइंडली'.

आक्का म्हणाल्या, "आप्पा, त्या माणसाचा एक हात चाऱ्यात आहे. त्याला विनंती कसली करताय? 'क्लोज द कव्हर' म्हणा. नम्रपणा लग्नपत्रिकेला ठेवा."

एकदा त्या कारखान्यात आल्या. म्हणाल्या, मेन स्विच बंद करा, मी तुमच्या कागदात लिहिलंय तसं करून बघते. पहिली ओळ, मोटर चालू करा. बटण दाबलं. दुसरी ओळ, चारा आत सारा. मूठभर कडबा घेऊन हात आत घातला. मी ओरडलो, "आक्का, पात्यावरचं झाकण लावा आधी."

आक्का शांत. "झाकण चौथ्या ओळीत आहे. मी अजून तिथं पोचले नाही."

मंडळी, आपण बोलतो तसं मी लिहिलं होतं. हे कर, ते कर, आणि हां, त्याच्या आधी झाकण लाव. समोरासमोर चालतं. कागदावर? तोवर बोटं गेली.

मालक म्हणाले, "आक्का, गाडी भरून उभी हाय की."

"उभी राहू दे. तिथला माणूस हात घालायच्या आधी तुम्हाला फोन करणार आहे काय?"

गाडी थांबली. झाकण पहिल्या ओळीत आलं. एका ओळीत एकच काम. एका भागाला एकच नाव. मी त्याच झाकणाला एकदा कव्हर, एकदा लिड लिहिलं होतं. आणि झाकण बसलं हे कळायचं कसं? खट्ट आवाज येईपर्यंत दाबा, हेही लिहिलं. आक्कांनी माझ्याकडून लिहून घेतलं.

आता नव्या यंत्राचा कागद माझ्याकडं पडून आहे. म्हटलं, आक्का बऱ्या झाल्या की दाखवू. त्या गेल्याच. परवा मालक म्हणाले, आप्पा, तुम्हीच बघा आन् पाठवा. मी न्हाय म्हटलं. मला यंत्र पाठ आहे. लिहायचं राहिलं असेल ते माझं डोकं गुपचूप भरून घेतं. परक्या मुलखातल्या त्या गड्याचं डोकं कुठनं भरणार?

म्हणून वैशाली, तू आक्कांची लेक, तुला सगळ्यांदेखत विचारतो. तू बँकेतली. कडबाकुट्टी तू कधी हाताळली न्हाईस, म्हणूनच तू पाहिजेस. आक्कांचे दिवस झाले की कारखान्यात येशील? कागद तू वाच आणि लिहिलंय तेवढंच कर. मी शेजारी उभा राहीन, एक शब्द बोलणार न्हाय.

मान हलवलीस. लई बरं वाटलं, पोरी.

चला मंडळी, उठूया. आक्कांसाठी थोडा वेळ गप्प उभं राहूया.

आक्का, नमस्कार करतो.