शाळेच्या फाटकावरचे काटे

नाव प्रसेनजीत बाबू कांबळे, वय २३, शिक्षण चौथी, धंदा रंगकाम, राहणार कासारमाळ, नेसरीजवळ, ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर, कामानिमित्त सुरत. दि. २४/११/२००५.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, दिवाळीला मी गावी आलो. माझी बहीण संघप्रिया, वय ११, भाकरी दुधात कुस्करून खात होती. तिखट तोंडाला लावत नव्हती. आई म्हणाली, लाडावलीय. गडहिंग्लजला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, गुटख्यानं तोंड आखडलंय, एक बोट जेमतेम आत जातं.

बहिणीनं सांगितलं ते असं. तिच्या शाळेतले जोतीराम गुरुजी तिला रोज फाटकासमोरच्या आकारामच्या दुकानात तंबाखू आणायला पाठवतात. आकाराम खेपेची मजुरी म्हणून तिला गुटख्याची एक पुडी देतो. शाळेत पोरं पुष्कळ आहेत. पाठवतात आमच्या वस्तीतल्यांनाच.

सुट्टी संपल्यावर मी शाळेत गेलो. भिंतीवर 'प्रत्येक बालकाला आरोग्याचा हक्क' असं रंगवलंय. गुरुजी तिथंच टेकून तंबाखू मळत होते. म्हणाले, "या पावणं! गुरूची सेवा केली तर पोरगी झिजती व्हय?"

आकारामला मी म्हणालो, अठराखालच्याला विकायचं न्हाय, शाळेपासून शंभर यार्डात तर न्हायच, असा कायदा हाय. तो म्हणाला, "चौथी शिकलास, वकिली कुठं केलीस? आन् मी इकतो कुठं? फुकट देतोय की!"

मी ग्रामपंचायतीत तक्रार दिली. त्यावर पंचायतीनं काय केलं? दुकान जागेवर ठेवलं आणि शाळेचं फाटक बाभळीच्या काट्यांनी बुजवलं. पोरं आता मागनं उसाच्या बांधावरून आत जातात. म्हणजे कायद्यापुरतं दारापासून दुकान लांब झालं! गावात एवढी अक्कल असताना मी उगाच सुरत गाठली.

काटे मी ओढून काढले आणि दुकानाच्या दारात टाकले. कोणाला हात लावला नाही. आकारामची तक्रार तेवढ्याचीच आहे. त्याला म्हणे दुकानात शिरता येईना.

ठाण्यात मला सांगितलं, "मिटवून टाक, तू चार दिवसांचा माणूस." मिटवत नाही. काट्यांचा गुन्हा माझ्यावर घाला, तारखेला सुरतेहून येईन. पण संघप्रियाचाही जबाब घ्या. तोंड उघडत नाही, म्हणून ती थांबत थांबत बोलते. लिहिणाऱ्यानं घाई करू नये.

वरचं मला वाचून ऐकवलं. 'आपसांत समझोता झाला' ही ओळ माझी नव्हती, ती खोडायला लावली. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून सही करतो.