आठव्या महिन्यातली सूज

तुम्ही माझ्या सासूबाईंना लई कडक म्हणता ना, मग हे ऐका.

मला आठवा लागला होता. पाय असे सुजले की चप्पल चढेना, आणि डोकं सारखं ठणकायचं. आमच्या गारखेड्यातल्या शेजारणी म्हणायच्या, "पोटुशीला सूज येतेच गं." मलाही ते पटलं. म्हणून सासूबाईंना घेऊन मोठी चप्पल घ्यायला औरंगपुऱ्यात गेले.

दुकानात सासूबाई खाली वाकल्या आणि माझ्या पायावर त्यांनी अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना.

"डोकं दुखतंय का?"

"व्हय, परवापासून."

चप्पल तशीच सोडून त्यांनी मला बाहेर आणलं, रिक्षा थांबवली. "दवाखान्यात घे बाबा, लवकर."

रिक्षात मी विचारलं, "आई, काय झालं?"

"माझ्या पहिल्या वेळंला असंच झालतं. सगळे म्हणले, होतं असं."

आमचे हे थोरले, असंच मला तोवर वाटत होतं.

बीपी भयंकर वाढलं होतं. त्याच दिवशी सिझर केलं. मुलगी झाली, एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ह्यांनी मला नंतर सांगितलं, आई त्या काचेपाशी उभी राहिली ती हलेचना. शेवटी नर्स म्हणाली, "आजी, बघून झालं ना? चला आता."

"थांब गं बाई," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी मला कुणी दाखवलीच नव्हती."