माझ्या मापाची सायकल

...आणि वर लोक मलाच विचारतात, "काय साहेब, नवी सायकल कुठाय तुमची?" कुठाय म्हणजे? अहो, ती काय पुढे चाललीय! तो उताराच्या खाली हिरवा ठिपका दिसतोय ना, तीच! माझी सायकल! माझ्यासाठी, माझं माप देऊन, आठ महिने थांबून, एका माणसाकडून हातानं बनवून घेतलेली, अस्सल स्टीलची! मग तिच्यावर बसलंय कोण? ...सांगतो. थांबा, जरा दम खाऊ दे. आणि ह्या सायकलीकडे बघून हसू नका. लेकीची आहे. ती शिकायला गेली बाहेरगावी आणि ही राहिली गॅलरीत, तेव्हापासून मीच चालवतो. ॲल्युमिनियमची आहे, पुढे टोपली आहे, टोपलीवर फुलं चिकटवलेली आहेत, घंटी वाजवली की चिमणी ओरडल्यासारखं वाजतं. सगळं मान्य. पण ऐकून तर घ्या!

तुम्हाला सांगतो, ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे तो दातांचा डॉक्टर. आमच्या कोपऱ्यावरचा. मी गेलो होतो दाढ भरायला. दाढ! सायकल नव्हे! पण ह्या गृहस्थाची पद्धत अशी, की आधी तुमच्या तोंडात कापूस, आरसा, दोन बोटं आणि ती थुंकी ओढणारी नळी, एवढं सगळं कोंबायचं आणि मग गप्पांना सुरुवात करायची. "सायकल चालवता का?" मी म्हटलं, "आँ." "कसली आहे?" "आँ आँ." "ॲल्युमिनियमची! वाटलंच मला! अहो, ही दाढ हलते ती उगाच नाही. ॲल्युमिनियम काय करतं, रस्त्यावरचा प्रत्येक दणका जसाच्या तसा वर पाठवतं. कार्बनचं म्हणाल तर हलकं, मान्य, एका बोटावर उचला. पण एकदा आपटलं की आतून चिरतं आणि बाहेरून कळू देत नाही. आणि स्टील?" इथे त्यानं ड्रिल थांबवलं हो! दाढ अर्धी कोरलेली, मी आ वासून पडलेला, आणि हा डोळे मिटून म्हणतो, "स्टील पोटात घालतं! डांबर असो, खडी असो, खड्डा असो, स्टील सगळं पोटात घालतं!"

मी काय म्हणणार? मी म्हटलं, "आँ." त्यानं ते "मलाही पाहिजे" असं धरलं.

त्यांची एक टोळीच आहे. रविवारी सकाळी सहाला जमायचं, कालव्याच्या कडेनं खडीच्या वाटेवर चार मैल जायचं, तिथे चहाची टपरी, तिथे सायकली झाडाला टेकवायच्या... आणि दीड तास त्यांच्याकडे बघत बसायचं! सायकल चालवतात कमी, बघतात जास्त! "नळ्या बघा किती बारीक!" "तो झाळलेला जोड बघा, कुठे एक थेंब सांडलाय का?" "आणि मोडली समजा, तर जगाच्या पाठीवर कुठेही जा, गेटं जोडणारा माणूससुद्धा जोडून देतो!" मोडली का कधी कोणाची? नाही! पण मोडली तर काय होईल ह्या आनंदात माणसं जगतायत! आणि डॉक्टर तर खिशातून ते दातावर ठोकायचं उपकरण काढतो आणि फ्रेमवर हलकेच ठोकतो. टिंग! सगळे माना डोलावतात. पुन्हा टिंग! एकाच्या डोळ्यात पाणी. मी तर म्हटलं, चुकून भलत्याच मंडळींत आलो, आता चहा पिऊन निघावं.

पण मग डॉक्टर म्हणाला, "एक चक्कर मारून तर बघा माझ्या सायकलीवर. तुम्ही माझ्याच मापाचे आहात." आणि इथे मी फसलो. खोटं कशाला बोलू, मनापासून आवडली हो मला! डांबरी रस्त्यावर म्हणाल तर पायडल मारलं की सुळ्ळकन पुढे, आणि खडीवर घातली तर... अहो, खडी आहे हे कानाला कळतं, पण हाताला कळत नाही! माझे पंजे त्या ॲल्युमिनियमवर दहा मिनिटांत बधिर व्हायचे, इथे काही नाही. कालव्याचं पाणी बाजूनं चाललंय, खाली चरचर चरचर, आणि मी आपला गादीवर बसल्यासारखा. वयाच्या पन्नाशीला, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ही एक वस्तू आपल्याला पाहिजे. नुसती आपल्यासाठी. घरासाठी नाही, लेकीसाठी नाही, आपल्यासाठी! परत आलो तेव्हा मीच ओरडत आलो, "पोटात घालतं हो, खरंच पोटात घालतं!"

आता ह्यात एक छोटीशी अडचण होती. डॉक्टर म्हणाला "माझ्याच मापाचे आहात", आणि डॉक्टर आहे पाच फूट पाच इंच. तसं तो स्वतःच सांगतो! वेडा माणूस! आणि मी आहे पाच आठ.

म्हणजे... घरी आहे पाच आठ.

सांगतो, सांगतो. आमचं लग्न जमवलं एका लांबच्या मावशीनं. मावशी म्हणजे काय बाई! तिनं तिकडे सांगितलं, मुलगा पाच आठ. मला सांगितलं, मुलगी पाच पाच. मी घरी जाऊन दाराच्या चौकटीला उभं राहून मोजलं, तर भरलो पाच पाच. मावशीला म्हटलं, "मावशी, तीन इंच?" मावशी म्हणाली, "गप बस, जाड तळाचे बूट घे." घेतले! बावीस वर्षं जाड तळाचे बूट, फोटोत मी पायरीवर, लिफ्टमध्ये मी मागे, आणि कोणी विचारलं की छाती काढून, "पाच आठ!" आणि मी काम काय करतो माहीत आहे? वजनमापं खात्यात निरीक्षक आहे मी! दुकानदाराची मीटरपट्टी एका केसानं कमी निघाली की जप्त! वजनाच्या बुडाशी शिसं खरवडलेलं दिसलं की पंचनामा! बाजारात मला बघून लोक काटा पुसायला लागतात! आणि हा माणूस संध्याकाळी तीन इंच खोटा घरी येतो. आणि बघा, ती पाच पाच, मी पाच आठ, मग आम्ही शेजारी उभे राहिलो की सारखे दिसतो कसे? हा प्रश्न मापं तपासणाऱ्या माणसाला बावीस वर्षांत एकदाही पडला नाही!

तर गेलो टोळीच्या सायकली बनवणाऱ्या वेल्डरकाकांकडे. सत्तरीचे आहेत. पूर्वी दवाखान्याच्या खाटा जोडायचे, शाळांची बाकं जोडायचे, आता फक्त सायकलच्या फ्रेम. वर्षाला पंधरा, त्यामुळे आठ महिने रांग. आणि माणूस बघितल्याशिवाय नळी कापत नाहीत. आणि नेमकं त्याच दिवशी बायकोला शेजारच्या दुकानातून बटणं आणि चेन घ्यायच्या होत्या. ती शाळांचे गणवेश शिवते, गळ्यात टेप कायमचा. म्हणाली, "चला, मीही येते."

काकांनी वही उघडली, कानावरची पेन्सिल काढली. "उंची?"

बायको माझ्या उजव्या हाताला. तुम्हीच सांगा, काय करणार? बावीस वर्षांचा संसार! मी म्हटलं, "पाच आठ."

काकांनी मला वरून खाली पाहिलं, बुटांवर जरा थांबले, पण लिहिलं. मग म्हणाले, "पायाचं आतून माप लागेल. फ्रेमची उंची त्यावरच ठरते. माझे गुडघे वाकत नाहीत, बाई, तुमच्याकडे टेप आहे, तुम्हीच घ्या." आणि पाठ करून नळ्या निवडायला लागले. बायको वाकली. आणि मी... मी हळूच टाचा उचलल्या. अहो, तागडीखाली दुकानदार अंगठा घालतो ना, तसं! ह्याच गुन्ह्यासाठी आदल्या आठवड्यात मी एका कांदेवाल्याला अर्धा तास झापलं होतं! बायकोनं टेप धरला, बघितलं, जरा विचार केला आणि शांतपणे म्हणाली, "साडेबत्तीस."

साडेबत्तीस! मी तर खूश! म्हटलं, काही कळलं नाही हिला! आणि दोन-अडीच इंचांचं काय एवढं? स्टील पोटात घालतंच की!

आठ महिने, तुम्हाला सांगतो, आठ महिने मी ह्या बाईचं डोकं खाल्लं. जेवताना नळ्या, झोपताना जोड. ती मशीन चालवतेय, मी शेजारी स्टुलावर. "अगं, रस्त्यालाही तीच आणि खडीलाही तीच, नुसते टायर बदलायचे! अगं, आपण मरू पण ती नाही मरणार!" ती दोरा तोडत म्हणायची, "हो का? रंग हिरवा सांगा." सांगितला.

मग परवाच्या रविवारी फोन आला. गेलो. काय दिसत होती हो! हिरवीगार, बारीक नळ्यांची, जोडांवर एक डाग नाही. मी खिशातल्या किल्लीनं हळूच ठोकलं. टिंग! डोळ्यात पाणी आलं माझ्या, आता नाही लपवत. टांग टाकली... आणि अडकलो. एका बाजूचा पाय जमिनीला लावावा तर दुसरा हवेत, दुसरा लावावा तर पहिला हवेत, आणि दोन्ही लावायला गेलो तर मधली नळी अशा ठिकाणी लागली की माझ्या तोंडून आवाज निघाला, "आँ!" अगदी दाढ भरतानाचा! हँडल तर इतकं लांब, की धरायचं तर आडवं व्हावं लागतंय!

"काका, सीट जरा खाली...?"

"आहे तेवढी खाली आहे."

"नळी थोडी कापून?"

काका म्हणाले, "साहेब, स्टील खड्डे पोटात घालतं. माप नाही घालत."

मी तसाच, एका पायावर, बगळ्यासारखा. बायको म्हणाली, "उतरा. मला बघू द्या." पिशवी माझ्या हातात दिली, स्वतः शिवलेली पँट जरा वर खोचली आणि बसली. आणि निघाली! त्या आवारात, लोखंडाच्या तुकड्यांतून, खडीतून एक गोल, दोन गोल! पाय कसा सरळ, हात कसे सैल, आणि पाठ... अहो, पाठ! बावीस वर्षांत मी ह्या बाईची पाठ ताठ बघितलीच नव्हती! मला वाटायचं मशीनवर बसून बसून वाकलीय. ती उतरून माझ्यासमोर उभी राहिली, तर मी तिच्याकडे वर बघत होतो. वर! बूट घालून!

काका म्हणाले, "माप चोख आहे."

मी म्हटलं, "अगं, साडेबत्तीस तूच वाचलंस ना?"

"वाचलं नाही, सांगितलं. तुमचं तर टाचा उचलूनही एकतीसच भरलं. साडेबत्तीस माझं."

"टाचा... तुला दिसल्या?"

"अहो, तुमच्या पँटी बावीस वर्षं कोण शिवतंय?"

...हा! सांगा आता! बाजारातला एक काटा सुटत नाही माझ्या नजरेतून, आणि हे सुचलं नाही मला!

"मग तुझी उंची?"

"पाच आठ. मावशींनी आकडे खरेच सांगितले होते हो. फक्त अदलाबदल केली."

"मग बोलली का नाहीस?"

तर म्हणते, "तुम्ही इतके हौसेनं पायरीवर उभे राहायचात, मी आपली गुडघे आणि पाठ वाकवायची. म्हटलं, सांगतील एक दिवस. काकांनी वही उघडली तेव्हा वाटलं, आता तरी सांगतील, आवडीच्या वस्तूसाठी तरी! तर तुम्ही म्हणालात पाच आठ. मग म्हटलं, होऊ दे पाच आठचीच. घरात पाच आठ माणूस आहे की एक."

रागावली नव्हती हो. रागावली असती तर बरं झालं असतं. पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "पाठ दुखते हो आता." मला इतकी लाज वाटली... तुम्हाला सांगतो, हे डॉक्टर आणि ती टोळी, ह्यांना कोणी सांगा, पोटात घालणं म्हणजे काय ते! दीड तास झाडाखाली बसून माझ्या बायकोकडे बघा म्हणावं!

...अगं हो, हो! आलोच! हात करतेय बघा. टपरीवर थांबलीय. टोळी तिच्याभोवती जमली असणार, डॉक्टर टिंग टिंग करत असणार. मी ह्या टोपलीवरून दात वाजवत पोचेपर्यंत चहा गार. आणि अजून आठ महिने हेच चालायचं, कारण माझीही नोंदवलीय. त्याच दिवशी, तिथेच. काकांनी नवं पान उघडलं, "उंची?" मी म्हटलं, "पाच सात." बायकोनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "पाच सहा." तिनं गळ्यातला टेप काढला. "बरं, पाच पाच! पाच पाच, झालं समाधान? बावीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलतोय!"

काकांनी पेन्सिल टेकवलीच नाही. चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "बूट काढा."

...काढले.