माकणीला कोण बसणार?

धुरपदाबाई : मग माकणीचं वसतिगृह पुढच्या साली काढू. घाई काय हाय?

इरा : आणि यंदा तिथली पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार, शाळा सोडून. चालेल तुम्हाला?

धुरपदाबाई : चालंल कसं? पण टोळ्या निघायच्या एकाच दिशी. पोरं ताब्यात घ्यायला मी इथं कळंबला बसू का माकणीला?

इरा : इथंच बसा. तिकडं दुसरं कुणी बसेल.

धुरपदाबाई : तू बाई आठवड्यातून दोन दिस येणार सोलापुरातनं. तुला समदं सोपं वाटतंय.

इरा : मावशी, तुम्हीच मला बोलावलंत ना? म्हणालात, मला पोरं सांभाळता येतात, काम वाढवता येत नाही.

धुरपदाबाई : म्हनले व्हते खरं.

इरा : दोन दिवस येते म्हणूनच मला दिसतं. इथलं सगळं तुमच्या एकटीवर आहे. आणि मीही काही कायमची नाही.

धुरपदाबाई : पयल्या साली वसतिगृह कुठलं गं! आमचा गोठा. म्हशी बाहेर बांधल्या, पोरं आत. आया निघाल्या की नुसता आकांत. मंग सासूबाई म्हनल्या, जाता जाता आईला आपल्या चुलीवर एक भाकर करू दे. अर्धी तिनं लेकराला चारायची, उरलेली तुझ्या हातात द्यायची. तवापासून ती उरलेली अर्धी मीच चारते. लई गोड दिस व्हते बघ. आता माकणीच्या आया कुणाच्या हातात देतील?

इरा : वैष्णवीच्या.

धुरपदाबाई : वैष्णवी? आपली? आत्ता तर माझ्या पदराला नाक पुसत व्हती!

इरा : शिक्षिका झालीय ती आता. रोज पोरांचा अभ्यास कोण घेतं?

धुरपदाबाई : अभ्यास येगळा. वैष्णे, ए वैष्णे! हिकडं ये जरा.

(वैष्णवी पिठाचे हात पुसत येते.)

वैष्णवी : काय मावशी?

धुरपदाबाई : आई गेली अन् लेकरानं तोंडच उघडलं न्हाय, तर काय करशील?

वैष्णवी : काही न्हाय. शेजारी बसून राहीन.

धुरपदाबाई : बास? तू तर आईच्या ट्रॅक्टरमागं पळाली व्हतीस. म्या किती समजावलं, तवा कुठं घास घेतलास.

वैष्णवी : समजावलं कुठं? तुम्हीच रडायला लागलात.

धुरपदाबाई : म्या?

वैष्णवी : व्हय. भाकर हातात धरून, माझ्याआधी. मला वाटलं, हिचं बी कुणीतरी गेलंय. तुमची कीव आली, म्हणून खाल्ली.

धुरपदाबाई : आन् येवढी वर्सं बोलली न्हाईस?

वैष्णवी : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

धुरपदाबाई : इराबाई, माकणीला हिलाच धाड.

वैष्णवी : मी? एकटी? तुम्ही येणार न्हाय?

धुरपदाबाई : येईन की. दुसऱ्या दिशी, पाहुणी म्हणून.