बेशुद्ध पेशंटनं बोलायचं नसतं

हसा तुम्ही, पण माझा राग अजून गेलेला नाही. आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या रेस्क्यू सरावात पेशंट कायम मीच, का तर वजनाला सगळ्यांत हलकी! परवा त्र्यंबक रोडजवळच्या एका कड्यावरून मला स्ट्रेचरला करकचून बांधून खाली सोडलं आणि मध्येच थांबवलं. शेजारच्या कपारीत बघते तर हे एवढं आग्या मोहोळ!

"मधमाश्या!" मी किंचाळले.

वरून आमचा लीडर इम्रानदादा म्हणाला, "गप गं! तू बेशुद्ध आहेस."

"दादा, खरंच मोहोळ आहे!"

"तू पालीलाही किंचाळतेस. बेशुद्ध माणूस बोलतो का?"

त्याच्याच कानाला माशी डसली, तेव्हा कुठे दोर भराभर सुटला.

खाली आल्यावर सुजलेला कान चोळत साहेब सगळ्यांना सांगतात, "सराव झकास झाला. फक्त पेशंटनं सहकार्य केलं नाही."