धूळकाकांची चाळणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या चाचणी केंद्राच्या संचालक बाई, खास या दिवसासाठी आलेले निवृत्त कर्नलसाहेब, सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे धूळकाका, पहिल्या रांगेतल्या काकू, माझे सहकारी, आणि मागच्या दाराजवळ अल्पोपाहाराकडे डोळे लावून उभे असलेले मित्रहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. बाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय, तेही मला दिसतंय. पण बाई, ज्या माणसाच्या धुळीच्या पेटीने माझी रायफलीवरची नऊ वर्षांची मेहनत अकरा गोळ्यांत मातीत घातली, त्याच्याबद्दल पाच मिनिटांत काय काय सांगू?

पाहुण्यांसाठी थोडं मागचं सांगतो. सैन्य नवी रायफल कशी निवडतं? लोकांना वाटतं, नेम बघतात. अहो, नेम पहिल्या आठवड्यातच बघून होतो! पुढची दोन वर्षं तिला भिजवतात, गोठवतात, आपटतात आणि धुळीत लोळवतात. काडतुसाची तऱ्हा वेगळीच. हलकं घेतलं तर जवान जास्त नेऊ शकतो, जड घेतलं तर मारा लांबवर जातो. एवढ्याच मुद्द्यावर आमची समिती, म्हणजे लष्करवाले आणि आम्ही रायफली बनवणारे, सात महिने भांडत होती. शेवटी काका म्हणाले, "दोन्हींची ओझी एकेकदा पाठीवर घ्या आणि समोरची टेकडी चढून या. मग बोलू." निम्मी समिती अर्ध्या चढावरच हलक्या काडतुसाच्या बाजूची झाली. मीही त्यातलाच. दोन दिवस जिना उतरता येत नव्हता.

तर काकांकडे धुळीचं काम. धूळ भट्टीत वाळवायची, चाळायची, तोलून पेटीत भरायची, पंखा लावायचा आणि रायफल वीस मिनिटं आत ठेवायची. सगळ्यांना धूळ सारखीच, चिमूटभरही कमी-जास्त नाही. एकदा इथली चाळणी फाटली, नवी येईपर्यंत दोन दिवस म्हणून काकूंची पिठाची चाळणी आली. काकू, दोन दिवस झाले का हो? काकू बोटं दाखवताहेत... एकोणीस वर्षं! बघा, काका मान खाली घालून हसताहेत.

आता माझी करणी सांगतो. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन कंपन्यांच्या रायफली शेवटच्या फेरीत होत्या, त्यातली एक आमची. म्हणजे माझीच म्हणा ना. घरात बायको तिला सवत म्हणायची. नियम असा की रायफल केंद्राच्या ताब्यात दिली की बनवणाऱ्याने हात लावायचा नाही. धुळीच्या परीक्षेच्या सकाळी नंबर तपासायच्या निमित्ताने मी आत गेलो, आणि माझा जीव राहीना. खिशातली बाटली काढली आणि बोल्टवर, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावर, तेल ओतलं. चार थेंब पुरले असते. मी अर्धी बाटली रिकामी केली. का, तर माया!

एकशेवीस गोळ्या झाडायच्या होत्या. अकराव्या गोळीला रायफल अडकली ती अडकलीच. बाकीच्या दोन्ही सुरळीत चालल्या. काकांनी बोल्ट उघडला, आतून बोट फिरवलं. धूळ तेलात कालवून तिची कणीक झाली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही सांगता, की मी सांगू? चहा संपेपर्यंत थांबतो."

तसला चहा पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. तेव्हा परीक्षेचे प्रमुख आपले कर्नलसाहेबच होते; मी बैठकीत त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. साहेब, तुम्ही म्हणालात, "नियमाप्रमाणे तुमची रायफल बाद." बरोबरच होतं. मी टोपी उचलली आणि निघालो.

आणि कधी कुणाच्या मध्ये न बोलणारे आपले काका उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, यांना खुशाल काढा. पण एक सांगा, नवा जवान घाबरला की आधी काय करतो? तेल ओततो. यांनी केलं ते उद्या आपली पोरं करणार. ते मी तपासलंच नाही. माझी परीक्षा कच्ची आहे." एकोणतीस वर्षांची नोकरी पाठीशी असलेला माणूस भर बैठकीत म्हणतो, माझी परीक्षा कच्ची! मला सांगा, आपल्यापैकी किती जण म्हणतील?

कर्नलसाहेबांनी उरलेल्या दोघींना तसंच तेल घालायला लावलं. एक नवव्या गोळीला अडकली, दुसरी चौदाव्या गोळीला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं! परीक्षा रद्द झाली, तिघांनाही वर्षभराची मुदत मिळाली, आणि नियमांत नवं कलम आलं, जास्त तेलाचं. आम्ही बोल्टभोवतीची जागा वाढवली, घाण खाली पडून जावी म्हणून खाचा केल्या. पुढच्या वर्षी काकांनी पेटीपासून दहा पावलांवर खडूने रेघ मारली आणि मला म्हणाले, "तुम्ही इथे." खिसेही तपासले! एकशेवीसच्या एकशेवीस गोळ्या सुटल्या, आणि मी रेघेमागे लहान पोरासारखा रडलो.

आता शेवटचं, बाई. सैन्याने शेवटी आमचीच रायफल घेतली, आणि माझी धाकटी लेक पायदळात तीच वापरते. गेल्या महिन्यात सुट्टीवर आली. जेवता जेवता म्हणाली, "बाबा, सीमेवरच्या ठाण्यावर वाळूचं वादळ होतं आणि त्यातच हल्ला झाला. त्याआधी मी घाबरून रायफलीवर बाटलीभर तेल ओतलं होतं. वाळू नुसती थापली गेली होती." मी घास तसाच धरून विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय? चालली की! नाहीतर मी इथे जेवले असते का?"

काका, तेल ओतायची खोड तिने माझ्याकडून घेतली. ती जिवंत घरी आली, ती तुमच्यामुळे.

ती आज इथे आहे. ये गं, वर ये. बाईंच्या परवानगीने भांडारातून दोन दिवसांच्या बोलीवर आलेली एक वस्तू सोडवून आणली आहे, धुऊन-पुसून. ही काकूंच्या हातात दे. आणि काकांना... नाही, मी काही सांगत नाही. तिने आपणहूनच सलाम ठोकलाय.

काका, बसू नका, घ्या तो सलाम.

आयोजकांचा, बाईंचा आणि तुम्हा सर्वांचा मी मनापासून ऋणी आहे. माझ्या बोलण्यातही तेल जरा जास्तच झालं असेल. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, तसं आजही घ्या.