अण्णा काहीच का बोलले नाहीत

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्यानं बोला हो, इथे मांडववाले ठोकाठोकी करतायत…

मनीषा! अगं, तू होय! मला वाटलं घोटीचे तांदूळवाले… हो, मी सविता. वहिनीच बोलतेय… बूथवरून करतेस का? घरचा फोन काय झाला?… बरं, बरं. नको सांगूस.

हे बाहेर पत्रावळी मोजून घेतायत. देऊ त्यांना?… मलाच सांगायचंय? सांग की मग.

…

काय म्हणालीस?

… नाही, ऐकू आलं. म्हणजे उद्या तू येणारच नाहीस?

अगं, तेरावं आहे मनीषा! बापाचं तेरावं!… मेस एक दिवस बंद ठेवलीस तर काय पिंपळगाव उपाशी मरणार आहे? टेम्पोवाले खातील एक दिवस वडापाव… हो, हो… अगं ऐक ना… द्राक्षांचा सीझन आहे, पॅकहाउसची पोरं तुझ्याकडेच जेवतात, सगळं कळतंय मला. पण हे कारण नाही. तुलाही माहितेय, मलाही माहितेय.

दहाव्याला गंगेवर आलीस, पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभी राहिलीस आणि तिथूनच परस्पर बस धरलीस. घराचा उंबरा चढली नाहीस. सगळे मला विचारत होते, सहादू आचाऱ्याची लेक कुठंय? म्हटलं, तिच्या पोराला ताप आहे… मग काय सांगू?

… तसं नाही गं. तुला तिथून इथलं काही दिसत नाही. परवापासून नुसती रीघ लागलीय. मखमलाबादहून टोपल्याच्या टोपल्या वांगी आली, कोणी पाठवली तेही माहीत नाही. सायखेड्याचा एक म्हातारा डोक्यावर हा एवढा लाल भोपळा, अख्खं गंगाफळ, घेऊन एसटीनं आला. म्हणे, ‘माझ्या तिन्ही पोरींची लग्नं अण्णांनी केली. एक माणूस बी उपाशी उठला नाय.’ अंगणात बसला आणि ढसाढसा रडला. मी नुसती पाणी घेऊन उभी.

… हो ना. पंगत उठली की अण्णा उष्ट्या पत्रावळी बघत फिरायचे… हो, तेच ते! ‘माणूस तोंडावर गोड बोलतं, पत्रावळ नाय बोलत.’ कोणी काय टाकलंय, कोणी काय पुसून खाल्लंय… तू तर लहानपणापासून बघितलंस. आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन मांडवात जायचे ना ते. पोळ्या लाटणाऱ्या नवसाबाई काल सांगत होत्या, त्यांच्या परातीशेजारी गोधडीवर झोपायचीस तू…

हं. रडू नको. ऐक.

उद्या नाशकातले सगळे आचारी येतायत. बोलावलं नाही कुणाला. एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण अण्णांच्या हाताखालच्या चंदरकडे निरोप आला, अण्णांच्या तेराव्याच्या चुली आम्ही पेटवणार. भात एकाकडे, वडे एकाकडे. पण गंगाफळाच्या भाजीला कोणी हात लावायला तयार नाही. चंदर म्हणतो, ती अण्णांची भाजी. त्यांच्या मागं मनीषाताईच करतील, नाहीतर त्या ताटात ती भाजी नसेल. आता बोल.

… काय?… कोण म्हणालं, अण्णांना आवडली नव्हती?… हां. मेस सुरू केलीस त्या दिवशी.

… नाही, माहितेय मला. तू कधी सांगितलं नाहीस, तरी माहितेय. अण्णा तुझ्याकडे जेवायला बसले. भाजी खाल्ली, मसालेभात खाल्ला, ताट स्वच्छ केलं, हात धुतले… हो… आणि चांगलं नाही, वाईट नाही, चकार शब्द न काढता एसटीत बसले… हो ना… तू डाव हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी…

… बोल, बोल. सगळं बोलून घे.

… खरंय. भर पंगतीत वरबापाला सुनावणारा माणूस. ‘दुधात पाणी तुम्ही घातलं, मग बासुंदी अशीच होनार.’ आणि लेकीच्या भाजीला नावसुद्धा ठेवलं नाही. नावं ठेवायच्याही लायकीची नाही… असं वाटलं तुला. दोन वर्षं हेच उराशी धरून बसलीस.

थांब एक मिनिट. दार लावून घेते.

… हं. आता मध्ये बोलू नकोस. अण्णांना चव कळत नव्हती.

… चव गं. जिभेची चव. आणि वास. काही म्हणजे काही नाही. साखर घाला नाहीतर मीठ घाला, सारखंच.

… मी कशाला खोटं बोलू? आज?

अठ्ठ्याण्णवला दिंडोरी नाक्याजवळ एम-एटीवरून पडले होते बघ… हो, तू बाळंतीण होतीस. तुला आम्ही कळवलं, नुसतं खरचटलंय म्हणून. डोक्याला मागून मार होता. टाके निघाले आणि आठ दिवसांत परत चुलीपुढे उभे. मग एकदा मी गॅसवर दूध ठेवून दळण आणायला गेले. येऊन बघते तर दूध आटून करपलेलं, गल्लीच्या तोंडापर्यंत वास. शेजारची विमलाबाई धावत आलेली. आणि अण्णा शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. जो माणूस तीन घरं पलीकडून ओरडायचा, ‘हिंग लय झाला गं!’… तो. डॉक्टर म्हणाले, नस गेली. आता येणार नाही.

… कसं कळणार लोकांना? अण्णांचा नेम तुला ठाऊक आहे. नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला कण लावायचा नाही. आयुष्यभर न चाखताच शिजवलं त्यांनी. सगळं नाकावर आणि हातावर… हो, तूही तशीच शिकलीस. नाक गेलं तरी हात होता. पण मनातून भरवसा उडाला त्यांचा. म्हणून मला बरोबर न्यायला लागले. तू म्हणायचीस ना, सुनेला मांडवात कशाला नेतात? कांदे चिरायला नव्हते गं नेत.

भाजी उतरायच्या आधी अण्णा कढईकडे पाठ करून उभे राहायचे. मी वाटीत घ्यायचे, ताडपत्रीच्या आड जाऊन चाखायचे आणि येऊन म्हणायचे, ‘मीठ’. नाहीतर ‘झालं’. बस्स… हो. नैवेद्याच्या आधी. पाप माझ्या पदरात. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.

… कशी सांगणार तुला? यांच्या डोक्यावर हात ठेवायला लावून अण्णांनी शपथ घेतली होती माझ्याकडून. म्हणाले, आचाऱ्याला चव नाय हे कळलं की माणसं घास घेताना बिचकतील. जेवण बिचकून जेवायचं नसतं.

तुझ्याकडून आले ना त्या दिवशी, अंगणातच बसून राहिले. चप्पलही काढली नाही. म्हणाले, ‘पोरीनं लय मायेनं वाढलं, सविता. तोंडात काय बी लागलं नाय. आता चांगलं झालंय म्हणू कसं? जेवनावर कधी खोटं नाय बोललो. लेकीच्या ताटावर बोलू?’

… रड. रड गं.

… नाही, फोन ठेवू नकोस! संपलं नाही अजून. मला सांगू दे, नाहीतर उद्या सांगायचं धाडस व्हायचं नाही माझ्यानं.

त्यानंतरच्या आठवड्यात अण्णांनी मला तुझ्याकडे पाठवलं. ‘तू जा, जेव, अन् मला खरं सांग.’ आठवतं, मी आले होते? कांद्याच्या मार्केटला आलेय म्हणाले होते?… कसला कांदा. तुझ्या भाजीसाठी आले होते मी.

… हो, सांगितलं त्यांना.

… काय सांगितलं?

मी म्हटलं, ‘बरी आहे. मीठ पुढे जातं तिचं.’

… नाही गं. नव्हतं गेलं. मीठ बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं.

…

का म्हणजे… काय सांगू मनीषा. मी कोण होते या घरात? भाकऱ्या थापणारी सून. अण्णा पडले आणि मी त्यांची जीभ झाले. पाचशे माणसांची कढई माझ्या एका शब्दासाठी थांबायची. एवढे मोठे अण्णा, माझ्याकडे पाठ करून वाट बघायचे. तू त्यांच्यासारखं रांधतेस हे कळलं असतं तर त्यांनी तुलाच बोलावून घेतलं असतं. मग मी परत भाकऱ्या थापायला… एवढंच. दुसरं काही नाही. पोटात जळलं माझ्या.

… ते? ते म्हणाले, ‘शिकंल हळूहळू.’ मग दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे, ‘सविता, पुन्यांदा जाऊन येती का?’ मी म्हणायचे, जाईन. गेले नाही.

… हो. तेही सांगते. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी. बोलणं बंद झालं होतं. माझ्याकडे बघितलं आणि पाची बोटं जुळवून अशी तोंडाशी नेली. सिस्टरला वाटलं, पाणी मागतायत. मला कळलं होतं काय विचारतायत ते.

मी पाणीच दिलं.

…

हॅलो?… मनीषा?… आहेस ना?… शिव्या दे. काहीही बोल, पण बोल.

… काय?… कशी होती?

… अगं, अण्णांची भाजी मी शंभरदा चाखली असेल. तुझी त्यांच्यापेक्षा चांगली होती. ते मेथीदाणे शेवटी टाकायचे. तू आधी तेलात टाकतेस ना?… वाटलंच. त्या गोडाखाली बारीकसा कडूपणा राहतो, जिभेवर रेंगाळतो. पहिल्याच घासाला कळलं मला. हे मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. ते घेऊन जायला हवं होतं त्यांनी बरोबर. त्यांनी नाही नेलं, माझ्यामुळे.

… नाही, मी खोटं बोलले ते यांना माहीत नाही. आज सांगणार आहे. तू ये किंवा नको येऊस, सांगणार आहे.

… हो… हो, खरंय तुझं… माफी मी मागतच नाहीये. कुठल्या तोंडानं मागू?

…

काय?… किती पानं?… साडेचारशे धर.

… गंगाफळं सतरा-अठरा आलीत. पिकलेली आहेत चांगली… नाही, चिरली नाहीत अजून… बरं. कोणाला हात लावू देत नाही. चंदरला आत्ताच सांगते… गूळ आहे. मेथीदाणे… आहेत घरात… तुझे आणतेस? बरं. तुझेच आण.

पहिल्या एसटीनं?… हे येतील स्टँडवर.

… अं?

… हो. समजलं.

… समजलं, मनीषा. कबूल आहे. मी चुलीजवळ येणार नाही. लांबूनसुद्धा नाही… वाटी तर नाहीच नाही.

… हो, जेवेन. नैवेद्य झाल्यावर. सगळ्यांची जेवणं होऊ दे, शेवटच्या पंगतीला बसेन… तूच वाढणार?

… बरं.

… नाही. बोलेन मी. गप्प नाही बसणार. काय लागलं ते सांगेन, सगळ्यांच्या देखत.

ठेव आता.